तिकीट आधी की लाट आधी?

शंकेखोर : मराठी माणूस अंदमानला कशाला जातो ते ठरलेलं आहे. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघायची, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाला बसायचं, हॅवलॉकला रात्र काढायची आणि परत. तू त्याच्याही खाली, पोर्ट ब्लेअरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर दक्षिणेला लिटल अंदमानवर, फळीवर उभं राहायला जाणार म्हणतोस. लाटाच हव्यात तर गोव्यात आश्वेमला शिकवण्या चालतात. मुळकीला २००४ पासून सर्फिंगचा आश्रम आहे. चेन्नईखालच्या कोवलमची कोळ्यांची पोरं राष्ट्रीय स्पर्धा मारतात, त्यांच्याकडे जा. पलीकडे श्रीलंका आहे, बाली आहे. तिथे खोली मिळते, बोर्ड भाड्याने मिळतो, हाड मोडलं तर डॉक्टर मिळतो. हे सगळं सोडून ज्याला आडबाजूचं बेटच हवं, त्याला लाटेपेक्षा ‘मी तिथे जाऊन आलो’ हे वाक्य जास्त हवं असतं, असा माझा संशय आहे.

लाटवेडा : त्या वाक्याचा मोह मला अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या आधी लाटेचं ऐक. आपल्या कोकणात पावसाळ्यात समुद्र उसळतो, तो जवळच्या वाऱ्याने. लाटेला लाट चिकटून येते, कुठून कशी फुटेल सांगता येत नाही. पाऊस ओसरला की महिनोन् महिने गुडघाभर पाणी. मला हवी असते ती लाट जवळच्या वाऱ्याची नसते. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या खाली, चाळीस-पन्नास अंश दक्षिणेला, वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. तिथे वादळामागून वादळ फिरत असतं. त्या वाऱ्याने उठलेल्या लाटा वादळ मागे टाकून निघतात, वाटेत आखूड लाटा विरतात, लांब लाटा पुढे सरकतात. हाच स्वेल. १९६३ साली वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी लावली आणि दक्षिणेतल्या वादळाची लाट अख्खा प्रशांत महासागर ओलांडून ओळख न हरवता पोहोचते, हे दाखवलं. दोन लाटांमध्ये सोळा सेकंदांचं अंतर असेल तर तो जथा ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास चालतो. म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर. सहा हजार किलोमीटरवर वादळ झालं की सहाव्या दिवशी लाट लिटल अंदमानच्या प्रवाळावर. वाटेत तिला कुणी अडवलेलं नसतं आणि दोन लाटांमध्ये श्वास घ्यायला जागा असते. तिथे जायचं ते यासाठी.

शंकेखोर : छान. म्हणजे लाट कधी येणार हे तुला सहा दिवस आधी कळणार. विमानाचं तिकीट?

लाटवेडा : ते दोन महिने आधी काढावं लागतं. मुंबईहून चेन्नई किंवा कोलकाता, तिथून पोर्ट ब्लेअर.

शंकेखोर : आणि जहाजाचं?

लाटवेडा : ते निघायच्या थोडे दिवस आधी मिळतं. मिळालं तर.

शंकेखोर : मग तुझी योजना म्हणतात ती हीच. विमान दोन महिने आधी ठरणार, लाट सहा दिवस आधी, जहाज ऐन वेळी. तिघांचं एकमेकांशी देणंघेणं नाही, आणि या तिघांच्या मधल्या फटीत तू दहा दिवसांची रजा घालून बसवणार. रजा मंजूर करणाऱ्याला स्वेल म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाशील, समुद्र सपाट असेल. तू निघशील त्या दिवशी दक्षिणेतून मोठा जथा येईल. किंवा उलट, लाट येईल आणि जहाज रद्द होईल, कारण ज्या हवेत तुला समुद्र आवडतो, त्या हवेत कप्तानाला तो आवडेलच असं नाही.

लाटवेडा : म्हणून तर मार्च ते मे म्हणतात. त्या दिवसांत दक्षिण गोलार्धात हिवाळा सरकत येत असतो, वादळं जोर धरायला लागतात. आणि आपल्याकडचा मोसमी वारा अजून आलेला नसतो. अंदमानात तो मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो. त्याच्या आधी वारा मंद असतो आणि पहाटे मतलई वारा सुटतो. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा तो वारा लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतो, तिला लगेच कोसळू देत नाही. खिडकी अरुंद आहे, पण आहे. आणि तू म्हणतोस ती फट मला अडचण वाटत नाही. बाकी सगळ्या सहलींत आपण जागा विकत घेतो आणि जागा आपली वाट बघत उभी असते. इथे मी वाट बघणार. चार दिवस सपाट समुद्र बघून परत यायची तयारी ठेवूनच जाणार. योजना म्हणजे वेळापत्रक, असं तू धरून चाललायस. माझी योजना म्हणजे मोकळे दिवस किती, सोबत सामान किती आणि कशावाचून भागेल याचा हिशेब. एकच बोर्ड नेला आणि रीफवर मोडला तर तिथे दुकान नाही. म्हणून दोन बोर्ड, जादा फिन, बोर्ड पायाला बांधायचे दोन लीश, फायबर दुरुस्त करायची राळ, प्रवाळाच्या जखमेसाठी जंतुनाशक, सँडफ्लायसाठी लांब बाह्यांचे कपडे. आणि पुस्तकं भरपूर.

शंकेखोर : सामानाची यादी चोख आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मोकळ्या दिवसांबद्दल आहे, कारण ते फक्त तुझे नसतात. लिटल अंदमानच्या हट बे बंदराचं सरकारी जहाज म्हणजे तिथल्या लोकांची एसटी. सात-आठ तासांचा प्रवास. त्यात कॉलेजला निघालेली पोरं असतात, पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयात तपासणीला निघालेली म्हातारी माणसं असतात, भाजी असते, कोंबड्या असतात. बेटकऱ्यांना तिकीट सवलतीत मिळतं, कारण त्यांना दुसरा रस्ताच नाही. तू दोन बोर्डांची पोतडी घेऊन त्या रांगेत उभा राहणार आणि समुद्र सपाट दिसला की लवकर परतण्यासाठी, लाट आली की उशिरा परतण्यासाठी तिकिटं बदलत बसणार. तुझी लवचीकता त्यांच्या बाकड्यावर उभी आहे. आणि हे धडधाकट असतानाचं झालं. रीफवर डोकं आपटलं तर? बेटावर सरकारी दवाखाना आहे, पण मेंदूला मार लागला, मणक्याला लागला तर हेलिकॉप्टरने पोर्ट ब्लेअर. हेलिकॉप्टरमध्ये जागा किती असतात?

लाटवेडा : थोड्या.

शंकेखोर : आणि त्या दिवशी एखादी अडलेली बाळंतीण असेल तर?

लाटवेडा : हा प्रश्न बाजूला ठेवू, नाहीसा करत नाही. त्याच्याकडे परत येऊ. आधी एवढंच सांगतो की हाच युक्तिवाद लावला तर हिमालयात कुणी चढायचं नाही, स्पितीला कुणी जायचं नाही, कोकणातल्या लहान गावातही उन्हाळ्यात पाहुणा म्हणून उतरायचं नाही, कारण तिथल्या विहिरीचं पाणीही मोजकंच असतं. दूरच्या ठिकाणी जाणारा प्रत्येक माणूस तिथल्या कमतरतेत वाटेकरी होतो. पण तो काही ठेवूनही जातो. हट बेला चालणारी खाणावळ, भाड्याची स्कूटर, नावाडी, माझ्याकडे बघून बोर्ड मागणारी पोरं, हे सगळं तुझ्या हिशेबात कुठेच नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली, ती पोर्ट ब्लेअरबरोबर लिटल अंदमानलाही पोहोचली. आता तिथलं पोरगं मोबाइलवर हवाईच्या लाटा बघतं. त्याच्या दारातली लाट फक्त माझ्यासारख्यांनी वर्णन करायची आणि त्याने बघत राहायचं, हे मला पटत नाही.

शंकेखोर : केबलचं नाव काढलंस ते बरं झालं, कारण त्या केबलवरून दोन गोष्टी जातात. तू उघडतोस तो लाटेचा अंदाज. आणि दुसरा, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा इशारा. केरळात ‘कल्लाक्कडल’ म्हणतात ते ऐकलंयस? वारा नाही, पाऊस नाही, आकाश निरभ्र, आणि अचानक समुद्र घरात शिरतो. होड्या आपटतात, चूल विझते. कारण काय तर दक्षिणेतून आलेला लांब स्वेल. तुझाच. एप्रिल-मे महिन्यांत तो जास्त त्रास देतो, तुझ्याच खिडकीत. २०२० मध्ये इन्कॉइसने यासाठी अंदाजाची वेगळी यंत्रणाच सुरू केली. म्हणजे बघ, सहा हजार किलोमीटरवर एक वादळ होतं. त्याचा एकच आलेख दोन पडद्यांवर उमटतो. एका पडद्यावर तू बोट ठेवून म्हणतोस, ‘मस्त! सोळा सेकंद!’ आणि दुसऱ्या पडद्यावर लिहिलेलं असतं, होड्या वर ओढा, किनाऱ्यापासून दूर राहा. तुझी आनंदाची बातमी आणि त्यांचा इशारा एकाच दिवशी, एकाच आकड्यांत येतो. ज्याच्या अंगणात समुद्र आहे त्याच्यापुढे, सरकारने किनारा सोडायला सांगितलेल्या दिवशी, तू बोर्ड घेऊन आनंदाने धावत सुटणार. हे दृश्य कसं दिसेल याचा कधी विचार केलायस का?

लाटवेडा : नाही केला. म्हणजे इशारा वाचतो, पण तो माझ्यासाठी आहे असं धरून वाचतो. मला काय झेपेल, एवढंच त्यात बघतो. तू म्हणतोस तसं बघितलं तर कल्लाक्कडलचा इशारा हा माझ्या सहलीच्या योजनेतलाच कागद आहे आणि तो मी फाइलबाहेर ठेवला होता. पण याचा निष्कर्ष ‘जाऊ नकोस’ असा निघतो का? मला तर उलटा निघतो. लाटेला इतकं बारीक वाचणारा माणूस किनाऱ्यावर असेल तर तो होडी ओढायला हात लावू शकतो. समुद्रात ओढ कुठून कुठे आहे हे सर्फरला कळतं. कोवलमच्या पोरांनी बुडणारी माणसं बाहेर काढली आहेत ती याच कळण्यामुळे.

शंकेखोर : त्यांनी, कारण ती तिथेच असतात. तू दहा दिवस असशील. आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत त्या बेटावर काय झालं हे आठव. हट बेची जेट्टी, बाजार, वस्ती उद्ध्वस्त झाली, माणसं गेली. त्याच बेटावरचे ओंगे, तेव्हा शंभराच्या आत संख्या असलेली जमात, सगळे वाचले. समुद्र मागे सरकलेला बघून ते उंचावर निघून गेले. त्यांच्याकडे पडदाच नव्हता. लाट वाचणं म्हणतात ते हे. बोर्डावर उभं राहता येणं म्हणजे लाट वाचणं, असं समजू नकोस.

लाटवेडा : ओंग्यांचा दाखला देताना जपून दे. ते जणू आपल्याला शहाणपण शिकवायला तिथे राहिलेत, अशा सुरात शहरातली माणसं त्यांच्याबद्दल बोलतात. १९०१ च्या जनगणनेत ते ६७२ होते, २०११ ला १०१. १९५७ साली सगळं बेट त्यांच्यासाठी राखीव केलं आणि पुढच्या वीस वर्षांत त्यातलाच तुकडा काढून निर्वासितांच्या वसाहती वसवल्या, जंगलतोड सुरू केली, लाल तेलताडाची लागवड केली. २००८ च्या डिसेंबरमध्ये समुद्रातून वाहत आलेल्या डब्यातलं विषारी द्रव दारू समजून प्यायल्याने त्यांची आठ माणसं गेली. यातलं काहीही सर्फरांनी केलेलं नाही. राखीव क्षेत्रात जायला १९५६ च्या नियमनाने बंदी आहे आणि मी तिथे पाऊल टाकणार नाही. बटलर बे पूर्व किनाऱ्याला आहे, वस्तीच्या बाजूला, सगळ्यांना खुला. मी तिथे राहीन.

शंकेखोर : इथे भूगोलच तुझ्या विरोधात उभा आहे. स्वेल कुठून येतो? नैर्ऋत्येकडून. म्हणजे तो आधी कुठल्या किनाऱ्यावर आदळणार? पश्चिमेच्या. आणि पश्चिम किनारा कोणाचा? राखीव. बटलर बेला तुला मिळणार ती वळसा घालून, थकून आलेली लाट. पहिले दोन दिवस खूश राहशील. तिसऱ्या दिवशी नावाड्याला विचारशील, पलीकडे काय आहे? जमिनीवर उतरायचं नाही, नुसतं पाण्यातून बघायचं. लाटवेड्या माणसाचा मी तेवढा अनुभव घेतलाय.

लाटवेडा : विचारीन. विचारणार नाही असं सांगितलं तर तू हसशील. जाणार नाही, एवढंच सांगू शकतो.

शंकेखोर : आणि तुझ्यानंतर येणारा?

लाटवेडा : त्याच्या वतीने मी कसा बोलू?

शंकेखोर : पण बोलावंच लागेल, कारण तो तुझं वर्णन वाचून येणार. जरा इंडोनेशियाकडे बघ. सुमात्राच्या पश्चिमेला नियास बेट. १९७५ साली ऑस्ट्रेलियाची काही पोरं जंगलातून लागुंद्रीच्या उपसागरावर पोहोचली आणि त्यांना उजवीकडे सरकत फुटणारी एक अप्रतिम लाट सापडली. मलेरियाने पोखरलेल्या त्यांच्यातल्या जॉन गीझेलचा वर्षभराच्या आत मृत्यू झाला. पण बातमी गेलीच. पुढे मेंतावाई बेटं ‘सापडली’. १९९१ मध्ये लान्स नाइट नावाचा ऑस्ट्रेलियन तिथे एकटा पोहोचला. आज तिथल्या लाटेला त्याचं नाव आहे. पिढ्यान् पिढ्या तिच्या काठावर मासे मारणाऱ्यांचं नाही. मग सुमात्राच्या पादांगहून भाड्याच्या बोटी निघाल्या. सर्फर बोटीवर झोपणार, बोटीवर जेवणार, लाट घेणार आणि जाणार. खर्चातला मोठा वाटा बेटाबाहेरच राहायचा. शेवटी तिथल्या प्रशासनाने सर्फरांवर शुल्क बसवलं. तुझी खाणावळ आणि स्कूटर ही सुरुवातीची चित्रं आहेत. नंतर काय होतं ते तिथे बघायला मिळतं.

लाटवेडा : नियासचं अर्धंच सांगितलंस. २८ मार्च २००५ ला तिथे ८.६ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. शेकडो माणसं मेली, गावं पडली. त्याच भूकंपाने रीफ वर उचललं आणि लाट आधीपेक्षा ताठ, पोकळ फुटायला लागली. सर्फर म्हणतात, लाट सुधारली. ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला किळस आली. पण लागुंद्रीच्या किनाऱ्यावर खोल्या चालवणाऱ्याला विचार. त्याचं घर पडलं आणि त्याच लाटेने पुन्हा उभं केलं. त्याच्या बाबतीत तुझे दोन पडदे वेगळे राहत नाहीत. इशारा आणि रोजगार दोन्ही एकाच दारातून येतात, आणि यातलं काय स्वीकारायचं ते त्याने ठरवायचं, पुण्यात बसलेल्या आपण दोघांनी नाही. मेंतावाईतही २०१० च्या ऑक्टोबरमध्ये त्सुनामी आली, चारशेहून अधिक माणसं गेली. तिथल्या माणसांनी त्यानंतर सर्फर नकोत म्हटलं नाही. शुल्क मागितलं. शुल्क मागणं म्हणजे जागेवर हक्क सांगणं. मला त्यात ऱ्हास दिसत नाही, वाटाघाट दिसते.

(इथे लिहिणाऱ्याला मध्ये बोलल्यावाचून राहवत नाही. दोघेही हट बेच्या माणसाच्या वतीने बोलताहेत आणि तो या संभाषणात नाही. तिथे पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली आहेत, कार निकोबारहून आलेले निकोबारी आहेत. बेटावर अठरा-एकोणीस हजार माणसं राहतात, म्हणजे त्या ‘तिथल्या माणसाची’ निदान तीन-चार वेगवेगळी मतं असणार. शंकेखोराला तो सतत आजारी दिसतो, लाटवेड्याला सतत खाणावळ चालवताना दिसतो.)

शंकेखोर : वाटाघाट दोन बाजू सारख्या ताकदीच्या असताना होते. लिटल अंदमानवर तिसरी एक बाजू आहे, आणि तिच्यापुढे तू आणि खाणावळवाला दोघेही किरकोळ. २०२१ मध्ये नीती आयोगाचा त्या बेटासाठीचा आराखडा वर्तमानपत्रांतून बाहेर आला. विमानतळ, पर्यटन नगरी, आर्थिक केंद्र, सिंगापूर-हाँगकाँगशी तुलना. त्यासाठी आदिवासी राखीव क्षेत्राचा जवळपास तिसरा हिस्सा उठवायचा. असे आराखडे काढायला आधार काय लागतो? हे ठिकाण लोकांना हवं आहे, एवढं. तू टाकलेला निळ्या लाटेचा फोटो त्या कागदाच्या मुखपृष्ठावर शोभेल. त्यासाठी तुझी परवानगी घेतली जाणार नाही.

लाटवेडा : मग कुणीच न गेलं तर तो आराखडा थांबतो? न पाहिलेलं बेट नकाशावर रिकामं दिसतं, आणि रिकाम्या जागेवर विमानतळ आखणं सगळ्यात सोपं. नव्वदच्या दशकात तिथली जंगलतोड कोर्टात कुणी नेली? पुण्याचं कल्पवृक्ष, मुंबईची बीएनएचएस आणि पोर्ट ब्लेअरचं सेन, या संस्थांनी. २००२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि लिटल अंदमानवरची व्यापारी तोड थांबली. बाहेरची माणसं तिथे गेली, जंगलात फिरली, त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. साऊथ बे आणि वेस्ट बेला लेदरबॅक कासवं अंडी घालतात. त्सुनामीने ते किनारे वाहून नेले होते, पुढे वाळू पुन्हा जमली आणि कासवंही परत आली. हेही बाहेरच्या माणसांनी रात्र-रात्र तिथे बसून नोंदवलं. त्यांनी कासवांच्या पाठीवर उपग्रहाची यंत्रं बसवली, तेव्हा कळलं की ती थेट ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे आणि आफ्रिकेकडे जातात. ज्या समुद्रातून माझी लाट येते, त्यातच. कुणीच बघितलं नसतं तर वेस्ट बे उठवायचं ठरल्यावर हरकत कुणी घेतली असती?

शंकेखोर : ती माणसं प्रश्न घेऊन गेली होती आणि वर्षानुवर्षं परत जात राहिली. तू बोर्ड घेऊन जातोयस. दोन्हींत फरक नाही असं म्हणणार असशील तर आपलं बोलणं संपलं.

लाटवेडा : फरक आहे. पण तो जायच्या आधी ठरत नाही. त्यांच्यातलेही काही पहिल्यांदा नुसते भटकायला गेले असतील. जागेचा लळा लागल्याशिवाय माणूस तिच्यासाठी कोर्टात उभा राहत नाही, आणि लळा लागायला आधी तिथे काहीतरी निरुपयोगी, आनंदाचं करावं लागतं. मला लाट हे कारण आहे. तुझ्या हिशेबात आनंद हा नेहमी खर्चाच्या बाजूलाच का असतो?

शंकेखोर : कारण आनंद तुझा असतो आणि खर्च वाटून जातो. पण ठीक आहे, आनंद जमेच्या बाजूला लिहू. मग मला नेमकं सांग, तुझ्या योजनेत काय बदलतं? नुसतं ‘संवेदनशीलपणे जाईन’ म्हणू नकोस. तो शब्द हल्ली प्रत्येक रिसॉर्टच्या फलकावर असतो.

लाटवेडा : चार गोष्टी सांगतो. एक, दहा दिवसांची नाही, महिन्याची रजा; नाही मिळाली तर या वर्षी नाही. मोकळे दिवस इतके हवेत की जहाज चुकलं तरी मी रांगेत कुणाला ढकलणार नाही. दोन, इन्कॉइसचा इशारा असेल त्या दिवशी पाण्यात नाही. सर्वांत चांगली लाट त्याच दिवशी असेल, हे माहीत असून. तीन, फोटो टाकणार नाही. रीफचं ठिकाण लिहिणार नाही. बटलर बे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यापुढचं नाही. चार, एक बोर्ड तिथेच ठेवून येईन.

शंकेखोर : चौथी गोष्ट मला आवडली नाही, तिच्यात उपकाराचा वास येतो. बोर्ड ठेवलास तर लीश आणि पोहायला शिकवणारा माणूसही ठेव. नाहीतर तू एका पोराला धोका भेट देतोयस. आणि खाड्यांमध्ये मगरी आहेत, हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हॅवलॉकला २०१० मध्ये एका अमेरिकन तरुणीला मगरीने ओढून नेलं, तिला ते माहीत नव्हतं. तिसऱ्या गोष्टीबद्दल मला तुझ्याएवढी खात्री नाही. ठिकाण लपवणं ही सर्फरांची जुनी रीत, पण ती कुणासाठी असते? गर्दी होऊ नये म्हणून. म्हणजे पुन्हा तुमच्यासाठीच. तूच आत्ता म्हणालास, न पाहिलेली जागा नकाशावर रिकामी दिसते. मग लपवून तू तिला वाचवतोस की रिकामी ठेवतोस?

लाटवेडा : मघाच्या माझ्या बोलण्याशी हे जुळत नाही, खरं आहे. कासवांबद्दल लिहिलं पाहिजे आणि लाटेबद्दल गप्प बसलं पाहिजे, असं मला आतून वाटतं. का, ते सांगता येत नाही. कदाचित कासवं बघायला चार माणसं येतील आणि लाट घ्यायला चारशे, एवढंच असेल.

शंकेखोर : दुसरी गोष्ट मात्र मान्य. तेवढी एक अट पाळलीस तर माझे निम्मे आक्षेप जातात.

लाटवेडा : आणि उरलेले निम्मे हेलिकॉप्टरमध्ये बसलेत. परत येतो म्हटलं होतं, आलो. मी विमा काढीन. दहा दिवस नाही, महिनाभर, सगळी काळजी घेऊन. आणि तरीही साध्या दिवशी, साध्या लाटेत, रीफवर मान आपटली. हेलिकॉप्टरमध्ये जागा एक. समोर ती बाळंतीण.

शंकेखोर : विमा पैसे देतो, जागा देत नाही.

लाटवेडा : माहीत आहे. म्हणून तुला विचारतो. तू माझ्याबरोबर तिथे आहेस असं धर. डॉक्टर म्हणाला, दोघांतलं कोण जाणार ते सांगा. तू काय म्हणशील?

शंकेखोर : डॉक्टर असं विचारत नसतो. तो ठरवतो.

लाटवेडा : विचारलं असं धर.

शंकेखोर : तुला बसवा म्हणेन. भांडेन. ओळखी काढीन, पोर्ट ब्लेअरला फोन लावीन, मुंबईच्या कुणा अधिकाऱ्याचं नाव घेईन. आणि माझं ऐकलं जाण्याची शक्यता तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त आहे, हेही मला ठाऊक असेल.

लाटवेडा : मग इतका वेळ तू मला अडवत होतास, ते तिच्यासाठी की तुला हे करायची वेळ येऊ नये म्हणून?

शंकेखोर : माहीत नाही. पण मी आलोच नाही तरी फोन मलाच येणार ना? इथून मी तेच करणार.

लाटवेडा : करशील. आणि तिच्या नवऱ्याने नंतर विचारलं, तर त्याला काय सांगायचं?

शंकेखोर : हे तू विचारतोयस? मला वाटलं, हा माझा प्रश्न आहे.

लाटवेडा : तिकीट अजून काढलेलं नाही.